अंगणातल्या लाकडी बॉयलरचं तापमान स्वयंपाकघरातून कसं पाहावं?

अंगणवाली · ६ डिसेंबर, सकाळी ११:०५

नमस्कार मंडळी. नागपुरात गोधनी रोडला आमचं घर आहे आणि घरामागे मुलींचं वसतिगृह. मागच्या अंगणात लाकडावर चालणारा ५०० लिटरचा बॉयलर आहे. मधे भट्टी, भोवती पाणी, वर चिमणी. हिंगण्याच्या एका वर्कशॉपातून बनवून घेतलेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुलींच्या आंघोळीचं पाणी त्यावरच तापतं. पहाटे चारला आमच्याकडचे काका भट्टी पेटवतात, पाचपासून बादल्या सुरू होतात आणि आठपर्यंत घाई संपते.

बॉयलरला डायलचा तापमापक आहे. पण तो पाहायला दर वेळी शाल गुंडाळून, टॉर्च घेऊन अंगण ओलांडावं लागतं. काकांना भट्टीबरोबर दूध, भाजी, गेट हेही बघायचं असतं. मग कधी पाणी कोमट राहतं आणि मुली माझ्या दाराशी येतात, तर कधी इतकं उकळतं की वरच्या नळीतून फसफसून अंगणात सांडतं. लाकडं जळतात ती फुकट.

मला ओट्यासमोर भिंतीवर आकडा हवा आहे. कमी झालं की वाजावं, जास्त झालं की वाजावं. मोबाइलवर नको, त्या वेळी माझे हात कणकेत असतात. बॉयलर ते स्वयंपाकघर साधारण ६० फूट, मधे घराचा कोपरा येतो. खर्च चार-पाच हजारांपर्यंत चालेल. कुणी असं काही केलंय का?

जुनी_वाचक · ६ डिसेंबर, दुपारी १२:२०

दाराशी येणाऱ्या मुली हाच अलार्म नाही का? :-) आमच्याकडे इतवारीतून आणलेला तांब्याचा बंब होता. त्याला बाहेरून हात लावून आजी सांगायची, अजून दोन लाकडं सार. असो. वाचतेय.

बर्डीवरचा_बाबू · ६ डिसेंबर, दुपारी १:४८

काकू, हे अगदी होण्यासारखं आहे. डीएस१८बी२० नावाचा सेन्सर मिळतो, स्टीलच्या टोपणात बंद केलेला, वायरसकट. उणे ५५ ते १२५ अंश मोजतो, आणि आपल्याला लागतं त्या टप्प्यात अर्ध्या अंशाच्या आसपास अचूक असतो. त्याला ईएसपी-३२ (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) जोडायचा, तो वाय-फायवरून आकडा पाठवेल, स्वयंपाकघरात दुसरा ईएसपी आणि छोटा डिस्प्ले. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सगळं सामान मिळतं. प्रोग्राम मी देतो.

नाईट_ड्यूटी · ६ डिसेंबर, दुपारी २:१५

एवढं कशाला? डायलसमोर वाय-फाय कॅमेरा लावा, स्वयंपाकघरात जुना टॅब टांगा. झालं काम.

अंगणवाली · ६ डिसेंबर, दुपारी ३:३०

नाईट_ड्यूटी, कॅमेरा पुतण्याने लावून पाहिला होता. दिवसा छान दिसतं. पहाटे कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा डायलच्या काचेवर चमकतो आणि पांढऱ्या डागाशिवाय काही दिसत नाही. त्यात धूर. शिवाय कॅमेरा वाजत नाही.

बाबू, वाय-फाय मागच्या अंगणात एखादीच रेघ दाखवतं. आणि वीज गेली की राउटर बंद. इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे आहेत.

हिंगण्याचा_फिटर · ६ डिसेंबर, सायंकाळी ७:०२

ताई, सेन्सर-फेन्सर मंग पाहू. आधी मले हे सांगा, थे वरची नळी जिथून पाणी सांडते, थे सरळ उघडी हाय का? तिच्यावर कोनं व्हॉल्व्ह तं नाई लावला? पाणी सांडून राहिलं म्हणून काही लोक तिथं कॉक बसवून टाकतात. म्या दोन ठिकानी काढून फेकला.

अंगणवाली · ६ डिसेंबर, सायंकाळी ७:४०

उघडी आहे भाऊ. वरच्या टाकीपेक्षा तीन-चार फूट उंच नेलेली आहे. कॉक नाही. खरं सांगायचं तर सांडणं थांबवायला लावावा का, असं काका म्हणत होते.

हिंगण्याचा_फिटर · ६ डिसेंबर, सायंकाळी ७:५५

काकाले माझा नमस्कार सांगा अन् म्हना, हात नका लावजा. थे नळी हाय म्हणूनच तुमची टाकी निसती टाकी हाय. तिचं तोंड बंद केलं का थोच बॉम्ब. आकडा दिसो न दिसो, व्हेंट मोकळा पाहिजे. हे झालं का मंग बाकीचं सांगतो.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले · ६ डिसेंबर, रात्री ९:१०

फिटरभाऊंनी पहिला प्रश्न तोच विचारला, बरं वाटलं. १९२३ च्या बॉयलर कायद्यातही २००७ च्या दुरुस्तीनंतर पाणी १०० अंशांखालीच तापवणारं भांडं बॉयलरच्या व्याख्येत येत नव्हतं. तुमची टाकी त्या सवलतीत बसते ती पाणी वातावरणाला उघडं आहे म्हणून. व्हेंट बंद झाला तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, ते दाबाचं भांडं झालं.

आता सेन्सरबद्दल. औष्णिक वीज केंद्रात माझी नोकरी याच कामात गेली. ताईंची गरज पाहता मी वाय-फायच्या नादी लागणार नाही. अंतर ६० फूट आहे, म्हणजे १८ मीटर. एवढ्यासाठी वायर ओढा आणि मोकळे व्हा. प्रश्न आहे तो कोणता सेन्सर, आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे तो कुठे बसवायचा.

पीटी-१०० घ्या, म्हणजे तापमानाबरोबर ज्याचा रोध बदलतो असा प्लॅटिनमचा सेन्सर. शून्य अंशाला याचा रोध १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. म्हणजे वायरचा स्वतःचा रोधही त्यात मिसळला तर आकडा चुकतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने १८ मीटर गेलात तर जाऊन-येऊन सव्वा-दीड ओहम सहज होतात, म्हणजे आकडा तीन-चार अंश जास्त. म्हणून पीटी-१०० तीन वायरींचा येतो: दोन लाल, एक पांढरी. तिसरी वायर इंडिकेटरला वायरचा रोध मोजून वजा करू देते. दुकानदार 'दोन वायरींचाही चालतो' म्हणाला तरी तीनचाच घ्या आणि तिन्ही वायरी एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या ओढा.

स्वयंपाकघरात पॅनेलमध्ये बसवायचा डिजिटल टेम्परेचर इंडिकेटर लावा. त्याच्यात दोन अलार्म रिले (मर्यादा ओलांडली की आपोआप चालू होणारे स्विच) असलेलं मॉडेल मिळतं. एका रिलेवर खालची मर्यादा, दुसऱ्यावर वरची, दोन्हींना बझर. अशा इंडिकेटरला वीज अगदी कमी लागते, दिव्याच्या इन्व्हर्टर लाइनवर जोडता येईल. पीठ लागलेल्या हाताने पाहता येईल एवढे मोठे आकडे असलेला निवडा.

बर्डीवरचा_बाबू · ६ डिसेंबर, रात्री ९:४५

काका, के-टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांच्या जोडाचा सेन्सर, का नको? स्वस्त असतो आणि हजार अंशांपर्यंत जातो.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले · ६ डिसेंबर, रात्री १०:२०

भट्टीच्या आतला धूर मोजायचा असता तर तोच सांगितला असता. पाण्यासाठी नको. थर्मोकपल देतो ते अंशामागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट. आणि त्याची वायर त्याच जातीची, कॉम्पेन्सेटिंग केबल म्हणून विकतात ती, थेट इंडिकेटरपर्यंत न्यावी लागते. लोक बॉयलरजवळच्या डबीत साधी तांब्याची वायर जोडतात. मग बाहेर ८ अंश आणि स्वयंपाकघरात २२ अंश असेल, तर आकडा सरळ १४ अंश जास्त दिसतो. उन्हं वर आली की चूक आपोआप कमी होते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

विस्कॉन्सिनकर · ७ डिसेंबर, सकाळी ६:३०

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये. धाग्याचं नाव वाचून हसूच आलं, कारण इथे हा प्रश्न दर हिवाळ्यात घरोघरी असतो. खेड्यातल्या घरांमागे लाकडाची मोठी भट्टी असते, दिसायला पत्र्याची खोली. आत जळण, भोवती पाण्याचं कवच. गरम पाणी जमिनीखालच्या इन्सुलेटेड पाइपने घरात जातं, तिथे हवा तापवतं आणि परत भट्टीकडे येतं. पाणी साधारण ७७ ते ८५ अंशांच्या मधे ठेवतात. खाली गेलं की पंखा सुरू होऊन जाळ वाढतो, वर गेलं की झडप बंद. बाहेर उणे २५ असताना रात्री आग विझली तर पाइप गोठून फुटण्याची भीती, म्हणून पलंगावरून न उठता आकडा बघायची सगळ्यांना हौस.

इथली सर्वांत सोपी युक्ती अशी: बाहेर वायर ओढायचीच नाही. गरम पाण्याचा पाइप घरात जिथे शिरतो तिथेच त्याच्या अंगाला सेन्सर पट्टीने बांधायचा, वर इन्सुलेशनचा फोम गुंडाळायचा. फोम महत्त्वाचा, तो नसेल तर सेन्सर पाइपऐवजी खोलीची हवा मोजतो आणि आकडा बराच कमी येतो. परतीच्या पाइपला दुसरा सेन्सर लावला की दोन्हींतल्या फरकावरून घर किती उष्णता खेचतंय तेही कळतं. अकरा अंशांच्या आसपासचा फरक इथे नेहमीचा.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले · ७ डिसेंबर, सकाळी ७:५०

युक्ती उत्तम, पण ताईंकडे चालणार नाही. तुमच्याकडे पंप चोवीस तास पाणी फिरवतो, म्हणून घरातला पाइप आणि भट्टीतलं पाणी एकाच तापमानाला. इथे पाणी नळ उघडल्यावरच हलतं. रात्रभर पाइपमध्ये पाणी उभं, पहाटे साडेचारला बॉयलरमध्ये ७० असेल तरी पाइपवरचा सेन्सर २० दाखवेल. शिवाय ताईंचा पाइप वसतिगृहात जातो, त्यांच्या ओट्याजवळून नाही. आपल्याला सेन्सर बॉयलरवरच बसवावा लागेल.

उन्हाळी_पाखरू · ७ डिसेंबर, सकाळी १०:०५

मला एक कळत नाही. नागपूरसारख्या शहरात, जिथे उन्हाला तोटा नाही, अजून लाकडं जाळायची आणि वर त्याचं तापमान मोजायला इलेक्ट्रॉनिक्स लावायचं? सोलर लावा, नाहीतर सरळ गीझर. धुराचं काय? शेजाऱ्यांचं काय?

अंगणवाली · ७ डिसेंबर, सकाळी ११:१५

सोलर गच्चीवर आहे, ३०० लिटरचं. ते पाणी संध्याकाळी स्वयंपाकघर आणि कपड्यांनाच संपतं. मुलींना पाणी हवं असतं सूर्य उगवण्याआधी, आणि ढगाळ आठवड्यात तर सोलर नावालाच. २९ डिसेंबर २०१८ आठवतोय ना, नागपुरात पारा ३.५ वर उतरला होता? त्या आठवड्यात सोलरच्या भरवशावर राहिले असते तर मुली घरी निघून गेल्या असत्या. धुराचं तुमचं बरोबर आहे. चिमणी दुमजली घराच्या वर नेली आहे आणि ओलं लाकूड लावू देत नाही.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले · ७ डिसेंबर, दुपारी १२:००

गीझरचा हिशोब करून ठेवतो, म्हणजे वाद लांबणार नाही. ५०० लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण २४ ते २५ युनिट वीज. रोज. आणि ती पहाटेच्या एक-दीड तासात हवी म्हणजे जोडभार सोळा किलोवॅटच्या पुढे. कोरडं लाकूड किलोला १५ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता देतं. अशा भट्टीत निम्म्याहून थोडी कमी पाण्यात उतरते असं धरलं तरी १३-१४ किलोत काम होतं. ओल्या लाकडाने हाच आकडा जवळपास दुप्पट.

विस्कॉन्सिनकर · ७ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

पाखरूंचा धुराचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. इथे याच भट्ट्यांच्या धुरावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेनं नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घातल्या आणि २०२० पासून त्या आणखी कडक केल्या. सर्वांत वाईट धूर कधी होतो, तर झडप बंद करून आग गुदमरत ठेवली जाते तेव्हा. म्हणजे पाणी तापलेलं, मागणी नाही आणि भट्टी मात्र लाकडांनी भरलेली. तापमान घरात दिसत असेल तर ही वेळच येत नाही.

कळमेश्वरचा_गोठेवाला · ७ डिसेंबर, रात्री ८:३०

माझ्याकडे गोठ्यासाठी अशीच टाकी आहे, भांडी-कॅन धुवायला गरम पाणी लागतं. लाकडाबद्दल दोन शब्द. बाभळीचं ओंडकं टाकलं की निखारा टिकतो, पाणी हळूहळू चढत राहतं. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या भसकन पेटतात, दहा मिनिटांत राख. आरा मशीनवरचे सागवानाचे तुकडे मधल्या चालीचे. बागेतली जुनी संत्र्याची झाडं काढली की ते लाकूड फार छान जळतं, पण दर वर्षी कुठून आणणार. सांगायचं हे की ताई, तुम्ही कोणतं जळण टाकता त्यावर अलार्म किती अंशांवर लावायचा ते ठरेल. ८५ वर वाजला तर फार उशीर झालेला असेल.

बर्डीवरचा_बाबू · ७ डिसेंबर, रात्री ९:१५

गोठेवाले काका, हे एकदम पटलं, आकडे मांडून पाहिले. ५०० लिटर पाण्याला एक अंश चढवायला सुमारे २.१ मेगाज्यूल लागतात. भट्टी पाण्याला १० किलोवॅट देत असेल तर अंशाला साडेतीन मिनिटं. म्हणजे पाणी आळशी आहे, आग चढली-उतरली तरी ते सावकाश सांगतं. उलट बाजूने पाहिलं तर अलार्म वाजला तेव्हा भट्टीत ३ किलो लाकूड जरी उरलं असलं, तरी पाणी अजून नऊ-दहा अंश चढणारच. ८५ वर वाजला की ९५ ठरलेले, आणि मग नळीतून फसफस. वरचा अलार्म ७५ वर लावावा, फार तर ७२.

हिंगण्याचा_फिटर · ७ डिसेंबर, रात्री ९:५०

पोरगं हुशार हाय. ७२ वरच लावजा. अन् वाजला का आधी खालचं हवेचं झाकन बंद करजा, लाकूड ओढून बाहेर काढत नका बसजा, हात भाजते.

आता सेन्सर कुठं. टाकीले नवीन भोक पाडाची गरज नाई. वरून गरम पाण्याचा जो पाईप निंगते, तिथं एक टी, म्हनजे तीन तोंडाचा जोड, टाका. टीच्या सरळ तोंडातून थर्मोवेल, म्हनजे एका टोकाले बंद असलेली नळी, आत सोडा, आमी त्याले पॉकेट म्हनतो. अर्ध्या इंची आटे, टेफ्लॉन टेप मारून. पॉकेटचं टोक पाईपमधून टाकीच्या पाण्यात उतरलं पाहिजे, निसतं टीमधी राहिलं तं बाहेरची थंडी मोजन. पॉकेटमधी थोडं तेल नाईतं थर्मल पेस्ट भरून मंग सेन्सर सरकवा. नंतर सेन्सर बिघडला तं पाणी न सोडता बदलता येते.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले · ७ डिसेंबर, रात्री १०:३०

फिटरभाऊंच्या जागेला माझं अनुमोदन, पण एक सेन्सर पुरणार नाही. टाकीत गरम पाणी वर राहतं आणि गार पाणी खाली. नळ उघडला की वरून गरम बाहेर जातं, तेवढंच गार पाणी खालून आत येतं. त्यामुळे वरचा सेन्सर बराच वेळ ६५ दाखवत राहतो आणि मग अचानक, शेवटच्या काही बादल्यांत, ४० वर कोसळतो. तोवर तुम्हाला काही कळलेलं नसतं, आणि तेव्हा लाकूड टाकून उपयोग नाही. पाणी तापायला अर्धा-पाऊण तास जाणार.

दुसरा सेन्सर खाली, गाळ काढायच्या सॉकेटजवळ लावा. वरचा आकडा सांगेल पाणी कसं येतंय, खालचा सांगेल किती उरलंय. खालचा १८-२० वर आला की लाकूड टाकायची वेळ झाली, वरचा काहीही म्हणो. खालच्या मर्यादेचा अलार्म मी खालच्याच सेन्सरला जोडेन. वरची मर्यादा वरच्या सेन्सरला.

ताईंच्या जागी मी असतो तर एवढंच केलं असतं. बाकी कोणती कंपनी, कोणता डिस्प्ले, त्याने फार फरक पडत नाही.

अंगणवाली · ८ डिसेंबर, सकाळी ९:२०

काका, म्हणजे अगदी आमचीच पहाट तुम्ही सांगितलीत. साडेसहापर्यंत सगळ्या खूश असतात आणि पावणेसातला एकदम आरडाओरडा. काकांना मी दर वेळी म्हणायचे की आत्ता तर पाणी चांगलं होतं. होतंच ते.

वायर कशी न्यायची? भिंतीच्या कडेने कडुनिंब आहे, खारी फार आहेत.

कळमेश्वरचा_गोठेवाला · ८ डिसेंबर, सकाळी १०:००

उघडी वायर खारीने महिनाभरही ठेवली नाही माझ्याकडे. लोखंडी कंड्युट पाइपातून न्या. प्लास्टिकचा पाइप उन्हाने ठिसूळ होतो, आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर काय काय टिकतं ते तुम्हाला ठाऊकच. आणि दिव्याची २३० व्होल्टची वायर त्याच पाइपात घालू नका.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले · ८ डिसेंबर, सकाळी १०:४०

+१. शील्ड (वायरींभोवती धातूचं आवरण) असलेली तीन-कोअर केबल घ्या आणि शील्ड इंडिकेटरच्या एकाच टोकाला अर्थ करा, दोन्ही टोकांना नाही. भट्टीजवळच्या शेवटच्या हातभर वायरला काचेच्या धाग्याचं किंवा टेफ्लॉनचं आवरण असू द्या; साधं पीव्हीसी चिमणीच्या आसपास वितळतं. मार्चमध्ये बॉयलर बंद केलात की इंडिकेटरच्या मागून केबल सोडून ठेवा. जूनमध्ये विजा सुरू झाल्या की अंगणातून घरात येणारी लांब तार इंडिकेटरच काय, आणखी काही घेऊन जाईल.

बर्डीवरचा_बाबू · ८ डिसेंबर, दुपारी १:१०

माझा डीएस१८बी२० मागे पडला वाटतं :-) तरी ज्यांना हौस म्हणून करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. १८ मीटरवर तो तीन वायरींवरच चालवा, दोन वायरींचा जुगाड लांब तारेवर दगा देतो. डेटा आणि वीजपुरवठ्याच्या वायरींमधे लावायचा पुस्तकातला ४.७ किलोओहमचा रोध चालला नाही तर २.२ लावा. नेटवर्कची केबल वापरा, डेटा आणि ग्राउंड एकाच पिळाच्या जोडीत. वीज येऊन गेली की हा सेन्सर पहिल्यांदा ८५ सांगतो, ते खरं तापमान नसतं, जागा झाल्याचा आकडा असतो. अलार्म जोडलेला असेल तर वीज आली की बझर बोंबलतो. पहिलं वाचन टाकून द्यायला प्रोग्रामला सांगा. आणि उणे १२७ दिसलं तर हिमयुग आलेलं नाही, वायर तुटली आहे.

जुनी_वाचक · ८ डिसेंबर, दुपारी २:३०

हिमयुग! माझ्याकडून एक चहा बाबूला.

अंगणवाली · २१ डिसेंबर, दुपारी ४:००

मंडळी, झालं एकदाचं. ओळखीच्या फिटरने वर टी टाकून पॉकेट बसवलं, खाली गाळाच्या सॉकेटवर दुसरं. तीन वायरींचे दोन पीटी-१००, लोखंडी कंड्युट, स्वयंपाकघरात दोन इंडिकेटर एकाखाली एक. वरचा लाल आकड्यांचा, खालचा हिरवा. खर्च ठरवल्यापेक्षा थोडा वर गेला, दुसरा इंडिकेटर घेतल्यामुळे. दोघांच्या बझरला वेगळं बटण लावलं, नाहीतर रात्रभर पाणी निवत जाताना खालचा अलार्म वाजत बसला असता. खालच्याचं बटण पहाटे भट्टी पेटल्यावरच चालू करायचं.

काल सकाळी सहाला लाल ६६ आणि हिरवा ३४ होता. सव्वासहाला लाल ६६च, हिरवा २१. काकांना खिडकीतून हाक मारली, त्यांनी बाभळीची दोन लाकडं सारली आणि पावणेसात शांततेत गेले. वरचा अलार्म ७२ ला लावलाय. एकदा वाजला, झाकण बंद केलं, आकडा ७९ पर्यंत चढून थांबला. बाबूचा हिशोब बरोबर निघाला.

एक शंका. बसवण्याआधी सेन्सर उकळत्या पाण्यात धरून पाहिले, दोन्ही ९९ दाखवतात, १०० नाही. एक अंश कमी दाखवतायत का?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले · २१ डिसेंबर, सायंकाळी ५:१५

सेन्सर चांगले आहेत. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडं उंच आहे, आपल्याकडे पाणी ९९ लाच उकळतं. १०० दाखवलं असतं तर मी बदलून घ्या म्हटलं असतं. बर्फाच्या चुऱ्यात आणि थोड्या पाण्यात शून्य येतं का तेही एकदा पाहून घ्या.

आता तापमान हातात आलंय तर आणखी एक. ६० अंशांचं पाणी थेट अंगावर पडलं तर पाचेक सेकंदांत भाजतं, ७० चं तर एका सेकंदात. नवीन मुलींना आधी गार, मग गरम असं बादली भरायला सांगा. टाकी मात्र ६० च्या वरच तापवत जा. २५ ते ४५ च्या कोमट पाण्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढतात. नुसतं ४५ वर ठेवून लाकूड वाचवायचा मोह नको.

विस्कॉन्सिनकर · २२ डिसेंबर, सकाळी ७:१०

त्यावर उपाय आहे: बाथरूमकडे जाणाऱ्या पाइपवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह. टाकीत ७० असलं तरी नळाला ठरवलेलं ४५-४८ च जातं, गार पाणी तो स्वतः मिसळतो. पाण्यात क्षार जास्त असतील तर वर्षातून एकदा उघडून साफ करावा लागतो.

कळमेश्वरचा_गोठेवाला · २२ डिसेंबर, रात्री ८:००

ताई, फोटो टाका की इंडिकेटरचा. आणि फिटरभाऊ, माझ्या टाकीचा वरचा पाइप एक इंची आहे, पॉकेट किती लांब घेऊ? लोहाओळीत सहा इंची स्टीलचं आणि चार इंची पितळेचं दोन्ही आहे म्हणाले.

हिंगण्याचा_फिटर · २२ डिसेंबर, रात्री ८:४०

सहा इंची स्टीलचं घ्या. टी, निप्पल अन् टाकीच्या सॉकेटमधीच तीन-साडेतीन इंच जातात, चार इंचीचं टोक पाण्यात अर्धा इंचही नाई पोचत. अन् सेन्सरची लांबी पॉकेटच्या आतल्या लांबीइतकी हाय का थे दुकानातच घालून पाहा, टोक तळाले टेकलं पाहिजे.